नॉरफोकची ऑफर, सीबीआरएसचं काम आणि येण्याआधी काय शिकायचं

अरे, पुण्यात टेलिकॉममध्ये आहेस, आता व्हर्जिनियात नॉरफोकला प्रायव्हेट एलटीई नेटवर्क (एखाद्या संस्थेचं स्वतःचं 4जी नेटवर्क) उभारायची ऑफर आलीये आणि इथलं काम कितपत वेगळं पडेल असं विचारलंयस. मी याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरएफचं, म्हणजे रेडिओ लहरींचं, ज्ञान तेच लागतं, फरक आहे तो स्पेक्ट्रम कोणाचा यात. आपल्याकडे 2022 च्या लिलावात 3300 मेगाहर्ट्झचा बँड सर्कलनुसार 20 वर्षांसाठी दिला, ज्याने घेतला त्याचा, विषय संपला. इथे 3550 ते 3700 मेगाहर्ट्झ हा पट्टा सगळे वाटून वापरतात, त्यालाच सीबीआरएस म्हणतात. पहिला मान नौदलाच्या रडारचा, मग 2020 च्या लिलावात काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) पाल नावाचं प्राधान्याचं लायसन घेतलेले पालवाले, आणि उरलेलं जीएए, म्हणजे सगळ्यांना खुलं, तिथे लायसनचे पैसेच नाहीत. रेल्वेचा रिझर्वेशन आणि जनरल डबा समज, फक्त इथे रिझर्वेशनवाला आला नाही तर त्याच्या सीटवर जनरलवाला रीतसर बसू शकतो. म्हणून तर एखादी शाळा किंवा गोदाम ऑपरेटरकडे न जाता स्वतःचं एलटीई टाकू शकतं, मला ही पद्धत मनापासून पटते.

हे सगळं जुळवतो तो सॅस नावाचा सर्व्हर. रेडिओ (नेटवर्कचा सिग्नल देणारं यंत्र) चालू झाला की आधी सॅसकडे नोंदणी, मग चॅनल मागायचा, परवानगी मिळाली तरच ट्रान्समिट आणि पुढे सतत हार्टबीट, म्हणजे 'अजून चालू ठेवू का' अशी सॅसकडे विचारणा, चालू. किनाऱ्यावर सेन्सर आहेत, त्यांना रडार दिसलं की 300 सेकंदांच्या आत सॅसने त्या भागातले रेडिओ त्या फ्रिक्वेन्सीवरून हलवायचे नाहीतर बंद करायचे. आणि नॉरफोक म्हणजे जगातला सगळ्यात मोठा नौदल तळ, विमानवाहू जहाजं तिथेच उभी असतात, त्यामुळे तिथे एकाच चॅनलच्या भरवशावर डिझाइन करायचंच नाही, ग्राहकाचे गोदामातले स्कॅनर बंद पडले तर तो रडारचं कारण ऐकून घेत नाही.

येण्याआधी सीपीआयचं (हे रेडिओ बसवणाऱ्या प्रमाणित इन्स्टॉलरचं) ट्रेनिंग करून टाक, ऑनलाइन असतं. बाहेर बसणारे मोठ्या पॉवरचे रेडिओ, 10 मेगाहर्ट्झला 47 डीबीएमपर्यंतचे (डीबीएम हे पॉवरचं माप), त्यांची नोंदणी सीपीआयच्या सहीशिवाय होत नाही. अँटेनाची जागा 50 मीटरच्या आत आणि उंची 3 मीटरच्या आत बरोबर लागते, साइटवर अंदाजे आकडा टाकून पुढे जायची सवय असेल तर ती आत्ताच मोड, कारण शेजाऱ्याला किती त्रास होईल याचं सॅसचं सगळं गणित त्याच आकड्यांवर चालतं.

टेस्टिंगला स्वतःचा फोन वापरणार असशील तर त्यात बँड 48 (एलटीईमध्ये याच पट्ट्याचा नंबर) आहे का बघ, भारतातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये नसतो. आणि घरी लोराचे (सेन्सरसाठीच्या कमी पॉवरच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओचे) बोर्ड असतील तर तिथेच ठेव, आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झ लायसनशिवाय चालतं पण इथे तो भाग लायसनवाल्यांचा आहे, इथलं 902 ते 928.

गाडी शिकून ये, साइटला बस जात नाही.

आणि सही करण्याआधी कंपनीला एक गोष्ट स्पष्ट विचार, कामाच्या साइट तळाच्या आत आहेत का बाहेर. सिक्युरिटी क्लिअरन्स लागणारं काम असेल तर त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, मग व्हिसावर येऊन तुला ते काम करता येणार नाही आणि प्रोजेक्ट दुसऱ्याकडे जाईल. उत्तर ईमेलवर लेखी घे.