बाइकला ऑटोमॅटिक चेन ऑइलर बसवावा का? व्हॅक्युमचा की ग्रॅव्हिटीचा?

तुमच्या बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) बाइकला चालताना चेनवर आपोआप थेंबथेंब ऑइल सोडणारा ऑइलर बसवावा का, या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "मित्र म्हणतात ही आळशी माणसाची सोय आहे." त्या एका ओळीमुळे लिहायला बसलो. माझे दाजी हेच वाक्य घरात चार माणसं जमली की म्हणतात.

आम्ही दोघं जांबोटीकडचे, दोघंही बेळगावच्या उद्यमबागेत कामाला, दोघांकडे पल्सर 220. किणये, पिरनवाडी करत रोजचं येणं-जाणं. तिकडं जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत धड उघडीप नसते आणि रस्त्यावर तांबडा चिखल. दाजी शिस्तीचे. रविवारी गाडी डबल स्टँडवर घेणार, चेन रॉकेलनं धुणार, मऊ ब्रश मारणार, ऑइल लावणार. काम चोख, त्याला मी नावं ठेवत नाही. पण रविवारी लावलेलं ऑइल सोमवारी पिरनवाडी यायच्या आत धुऊन जातं आणि एक रात्र गाडी ओली उभी राहिली की चेनच्या पट्ट्यांवर गंज दिसायला लागतो. पुढचा रविवार येईपर्यंत चेनचे रोलर आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एकमेकांना कोरडे खातात. रोज संध्याकाळी भिजून आल्यावर चेनपाशी बसणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

"ओ-रिंग चेनला ऑइल लागतंय कशाला?" हे दाजींचं दुसरं म्हणणं. चेनच्या सांध्यातल्या पिन आणि बुशमधलं ग्रीस रबरी रिंगांनी आत कोंडलेलं असतं, तिथं बाहेरचं ऑइल जात नाही, एवढं बरोबर. पण रोलर दातावर बसतो तो बाहेरून की! पट्ट्या गंजतात त्याही बाहेरून. शिवाय रिंग कोरडी पडून चिरली की आतलं ग्रीसही गेलं. थेंबाथेंबानं पडणारं पातळ ऑइल माती घेऊन बाहेर उडतं. चिकट स्प्रे मात्र तीच माती धरून ठेवतो आणि चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

माझा ऑइलर ग्रॅव्हिटीचा, म्हणजे ऑइल आपल्याच वजनानं खाली उतरतं; इथंच जुळवलेला. ब्रेक ऑइलचा छोटा डबा सीटखाली, 4 एमएमचा प्लास्टिकचा पीयू पाइप, थेंब कमी-जास्त करायला न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या सामानाच्या) दुकानातला बारीक नीडल व्हॉल्व्ह आणि लेथवर काढून घेतलेला पितळी नोझल. ऑइल 90 नंबरचं, गिअरचं. गॅरेजमधलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून कुणी घालत असेल तर घालू नका, त्यात लोखंडाचा भुगा असतो. नोझल मागच्या स्प्रॉकेटच्या अंगाला टेकवायचा, खालची चेन जिथं दातांवर चढते तिथं. चेन डावीकडं असेल तर डावीकडून बघताना घड्याळात सात वाजतात ती जागा. फिरत्या स्प्रॉकेटवरून ऑइल आपोआप बाहेर, रोलरकडं जातं. मिनिटाला एखाद-दुसरा थेंब पुष्कळ झाला.

खंडेपूजनाला दोन्ही गाड्या दारात धुऊन उभ्या होत्या. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून, बरोबर मधून, चेन बोटानं ओढून बघायची असते. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. दाजींच्या गाडीचा पडला, माझ्या गाडीवर चेन जागची हलली नाही. दोन्ही चेन-स्प्रॉकेट सेट एकाच पावसाळ्याच्या तोंडावर बदललेले. दाजी म्हणाले, "तुझी गाडी कमी पळते." वाट एक, शिफ्ट एक, रविवारी दोघंही घरात. कमी पळायला ती जाते कुठं?

आता तुमचं व्हॅक्युम की ग्रॅव्हिटी. स्कॉटऑइलरसारखा व्हॅक्युमचा ऑइलर इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर उघडतो आणि गाडी बंद केली की थांबतो, त्यामुळं विसरायची भीती नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो उत्तम. तुमची बीएस-6 आहे, तर थ्रॉटल बॉडीवरच्या सेन्सरच्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) मारायला कुणाला देऊ नका. हवा गळली की आयडलिंग बिघडतं, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. तुम्ही ग्रॅव्हिटीचा घ्या आणि त्याला इग्निशनवर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाक होणारा व्हॉल्व्ह, लावा. माझा हातानं बंद करावा लागतो. तो विसरलात तर रात्रीत डबा टायरवर रिकामा होईल आणि तसल्या टायरवर वळण घेणं जिवावर बेतेल. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज टायरची कड हात लावून बघा, तेलकट लागली तर व्हॉल्व्ह आवळा. उन्हाळ्यात ऑइल पातळ होऊन जास्त गळतं, तेव्हाही आवळावा लागतो. डब्याच्या झाकणाला हवेचं भोक ठेवा, नाहीतर थेंब येणार नाही. चेनचा ताण तुम्हालाच बघायचा आहे, ऑइलर तो बघत नाही.

आणि गाडीला पूर्ण चेन कव्हर असेल, किंवा गाडी फक्त शहरात, कोरड्यात फिरत असेल, तर यातलं काहीच नको. तिथं दाजींची पद्धत पुरते, हे मी त्यांनाही सांगितलंय.