हायकू घरच्यांच्या अंगवळणी कशी पडेल?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज रखडत चालत असे, म्हणून मी त्यावर हायकू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आता तो काही सेकंदांत सुरू होतो, तरीही घरातले कोणी त्याला हात लावत नाही. अशी आटोपशीर प्रणाली घरोघरी रुळण्यासाठी तिच्यात काय असायला हवे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घरातली माणसे ऑपरेटिंग सिस्टीम निवडत नाहीत, यंत्राबरोबर जी येते तीच ती वापरतात. त्यामुळे वेगाचा मुद्दा तुम्हाला कितीही मोलाचा वाटला, तरी घरच्यांच्या लेखी तो दुय्यम राहतो.

हायकूचा पूर्वजही याच कारणाने अडला. ॲपलमधून बाहेर पडलेले ज्याँ-लुई गासे यांच्या ‘बी’ या कंपनीने काढलेली बीओएस ही प्रणाली १९९०च्या दशकातल्या संगणकांवर एकाच वेळी अनेक चित्रफिती न अडखळता दाखवत असे. पण दुकानातून आणलेला संगणक सुरू केल्यावर ती समोर येत नव्हती. हिताचीने आपल्या काही संगणकांवर ती विंडोजच्या जोडीने भरली खरी, मात्र सुरुवातीला कोणती प्रणाली हवी हे विचारणारा पडदाच त्यांत दिसत नसे, आणि यामागे मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटी आहेत, असा ‘बी’चा आरोप होता. २००१मध्ये पाम या हातात मावणारे संगणक बनवणाऱ्या कंपनीने ‘बी’चे तंत्रज्ञान विकत घेतले, पुढे २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन ‘बी’ने लावलेला दावा मिटवला, पण तोवर बीओएसचा बाजार उठला होता. उलट २०११पासून विकले जाणारे गूगलच्या प्रणालीवरचे क्रोमबुक लॅपटॉप आणि २०२२मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक यांच्या पोटात लिनक्स ही मोफत प्रणाली आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. जे काम सांगून ते यंत्र विकले, ते काम ते पहिल्या दिवसापासून चोख करते, एवढे त्याला पुरते.

म्हणून माझ्या मते हायकूसारख्या प्रणालीने ‘बहुतेक संगणकांवर चालते’ असे सांगण्याऐवजी, जुन्या बाजारात सहज मिळणारे तीन-चार लॅपटॉप नावानिशी जाहीर करावेत आणि त्यांवर वायफाय, आवाज, कॅमेरा व छपाई यांची हमी द्यावी. हायकू वायफायचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा तो भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या मोफत प्रणालींच्या प्रकल्पांकडून घेते. ही शहाणपणाची वाट आहे, कारण मूठभर स्वयंसेवकांनी प्रत्येक चिपसाठी नव्याने ड्रायव्हर लिहीत बसणे शक्यच नाही.

मराठी घराच्या गरजा याहून थोड्या अधिक आहेत. आमच्या शेजारच्या काकूंच्या संगणकावर मी हौसेने लिनक्स टाकून दिले होते. सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरे देणाऱ्या पद्धतीत, टंकू लागल्या, ‘पायऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा ऱ सुद्धा नीट उमटला. मात्र युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली जुनी इतिवृत्ते उघडली, तेव्हा ओळीच्या ओळी रोमन अक्षरांनी आणि चिन्हांनी भरलेल्या निघाल्या, आणि घरचा लहान लेझर प्रिंटर कोरे कागद बाहेर टाकत राहिला. वार्षिक सभा चार दिवसांवर आलेली असताना त्यांनी जुनी प्रणाली परत मागितली, आणि त्यांचे अगदी बरोबर होते. जुनी फाईल आणि प्रिंटर यांची तपासणी मी आधी करायला हवी होती.

हायकूत आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. बीओएसप्रमाणेच तीही एका वापरकर्त्यासाठी घडवलेली आहे, तर आपल्याकडे एकच संगणक आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वापरतात. प्रत्येकाची वेगळी खाती आणि वेगळे पासवर्ड नसतील, तर ज्या यंत्रावर मुले खेळतात त्यावर बँकेचे व्यवहार करायला घरातली जबाबदार व्यक्ती धजावणार नाही. वेगाआधी हे काम व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही सध्या तो लॅपटॉप एकाच कामासाठी, म्हणजे साठवलेली गाणी ऐकण्यासाठी किंवा लेखनासाठी, बैठकीच्या खोलीत ठेवून पाहा; बँक आणि छपाई दुसऱ्या संगणकावर राहू द्या. झाकण मिटल्यावर तो झोपी जातो का, उघडल्यावर वायफाय आपोआप जोडले जाते का, ‘पायऱ्या’ हा शब्द प्रत्येक खिडकीत नीट दिसतो का, हे तपासा आणि लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलसह हायकू प्रकल्पाला कळवा. हमीच्या लॅपटॉपांची यादी करायची, तर त्यांना अशाच नोंदी लागतील.