गोळाभाताचे गोळे भातात विरघळतात, काय करू?

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि निम्म्या जणींची तक्रार तीच, घरी सांगितलं तस्संच केलं तरी जमत नाही. बाप्पा, सांगणारी सगळं सांगते पण जे तिचा हात आपोआप करतो ते सांगायचं तिला सुचतच नाही ना. म्हणून आज पूर्ण कृतींपेक्षा त्या राहून गेलेल्या गोष्टीच जास्त लिहिते.

प्रश्न: मावशी, मी मूळची नाशिकची, लग्न होऊन नागपूरला मनीषनगरात आले. सासरी गोळाभात फार आवडतो. सासूबाई म्हणतात बेसनाचे गोळे करायचे अन् भातात टाकायचे. माझे एक तर भातात विरघळून पिठलं होतं नाही तर दगडासारखे होतात.

उत्तर: अगं दोन गोष्टी आहेत. सासूबाई बेसन म्हणतात पण त्यांच्या मनात भरडा असणार, म्हणजे चणाडाळ गिरणीतून रवाळ दळून आणलेली. पाकिटातलं बारीक बेसन घेतलं की गोळा आतून चिकट न् बाहेरून टणक होणारच. गिरणीत जाणं होत नसेल तर चणाडाळ तीन-चार तास भिजव, पाणी पूर्ण निथळव आणि मिक्सरमधून पाणी न घालता जाडसर काढ. एक वाटी तांदळाला पाऊण वाटी भरडा पुरतो. त्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, चुरडलेला ओवा आणि दोन मोठे चमचे कडकडीत तापवलेलं तेल. तेलात कंजूसी करू नको, गोळा त्यानंच खुसखुशीत होतो. मग पाण्याचा हबका मारून मुठीत दाबून लांबट गोळे वळायचे, मूठ सोडल्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत, तेवढाच ओलावा. भिजवलेली डाळ वाटली असेल तर पाण्याची गरजच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कुकर नको, जाड बुडाचा गंज, म्हणजे पातेलं घे. तांदूळ अडीच वाट्या पाण्यात उकळू दे, वरचं पाणी आटून भातावर बारीक छिद्रं दिसायला लागली की तेव्हाच गोळे वर ठेवायचे, खाली ढकलायचे नाहीत, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकलेस म्हणून पिठलं झालं. तांदूळ साधा एचएमटी घे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केलेलं वाण आहे ते, बासमतीच्या नादी लागू नको, त्याच्या वासात गोळ्याचा वास मरतो. वाढताना गोळा भातावर कुस्करायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी दिलेलं गरम तेल. सोबत कढी किंवा चिंचेचं सार. कोरडा गोळाभात वाढणं म्हणजे पाहुण्याला परत येऊ नको सांगणं.

प्रश्न: आमची आजी भंडाऱ्याकडची, ती वडाभाताचे वडे लाखोळीच्या डाळीचे करायची. मला ती डाळ गावाहून मिळाली आहे. वापरू का? घरात लहान मुलं आहेत.

उत्तर: लाखोळीचे वडे चवीला छानच लागतात, खोटं कशाला बोलू. पण त्या डाळीत एक विषारी घटक असतो आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडायचा आजार होतो, दुष्काळात गरिबांच्या घरी तसं झालेलं आहे, त्यामुळेच 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की तो घटक कमी होतो, पूर्ण जात नाही. मोठ्यांनी सणावाराला चार वडे खाल्ले तर एवढं घाबरायचं कारण नाही, पण घरात लहान मुलं आहेत तर मी नाही वापरणार. चणा, तूर, मूग अन् थोडी उडीद डाळ एकत्र भिजवून जाडसर वाटा, मिरची-लसूण-जिरं घाला, वडे तळा आणि भातावर चुरा. आजीला फरक कळला असता, मुलांना नाही कळत.

प्रश्न: मावशी मी धरमपेठेत पीजीत राहतो, एक इंडक्शन अन् एक कढई आहे, रोज सकाळी तर्री पोहे खाऊन पोट बिघडून राहिलं. पंधरा मिनिटांत होईल असं काही सांगा.

उत्तर: उकडपेंडी कर बेटा. कणीक डब्यात असतेच, नसली तर दुकानातून आण. वाटीभर कणीक दोन चमचे तेलात मध्यम आचेवर भाज, खमंग वास येईपर्यंत आणि रंग बदामी होईपर्यंत, इथे घाई केलीस की खाताना टाळूला चिकटते. ताटात काढून ठेव. त्याच कढईत अजून थोडं तेल, मोहरी, जिरं, हिंग, कांदा, हिरवी मिरची, हळद, मीठ, त्यावर कणीक. आता वाटी-सव्वावाटी आंबट ताक किंवा गरम पाणी थोडं थोडं शिंपडत सराट्यानं हलव, एकदम ओतू नको, गुठळ्या होतात. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. वरून फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे टाक. आणि रविवारी खा की पोहे, कोण नाही म्हणतं.

प्रश्न: लग्नातल्यासारखी डाळभाजी घरी होत नाही. डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी बोटचेपी राहते. मी पालक, चुका, डाळ, टमाटर सगळं एकत्रच कुकरला लावते.

उत्तर: तिथेच अडतं ताई. आंबट पदार्थ सोबत असला की डाळ शिजायला फार वेळ घेते, चुका अन् टमाटर दोन्ही आंबट. पाऊण वाटी तूर, पाव वाटी तासभर भिजवलेली चणाडाळ आणि मूठभर फल्लीदाणे आधी नुसतेच शिजवा. पालक वेगळा परता, चुका-टमाटर त्यातच घाला, ते मऊ झाले की शिजलेली डाळ ओता, चमचाभर बेसन पाण्यात कालवून लावा म्हणजे पाणी वेगळं डाळ वेगळी दिसत नाही. शेवटी ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत तळून लाल मिरचीसकट वरून फोडणी, ती लग्नात सढळ असते अन् आपण घरी चमचाभर तेलात उरकतो.

प्रश्न: सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं सारण ओलं होऊन वडी फुटते.

उत्तर: मे महिन्यात सांबारवडी का करून राहिल्या? सांबार महाग, पानं मरगळलेली. थंडीत करा, धुतलेला सांबार रात्रभर कापडावर पसरून ठेवा आणि सारणात मीठ अगदी भरायच्या वेळी घाला, आधी घातलं की पाणी सुटतं. बाकी खसखस, तीळ, खोबरं ज्याचं त्याचं.

प्रश्न: या उन्हात गॅससमोर उभं राहवत नाही, तोंडी लावायला काय करू?

उत्तर: टक्कू. कैरी आणि कांदा किसा, कैरी फार आंबट असेल तर गूळ जास्त, मीठ, तिखट, वरून मोहरी-मेथी-हिंगाची थंड केलेली फोडणी. कांदा किसल्या किसल्या कैरीत मिसळा, नाहीतर उग्र वास येतो. एका दिवसात संपवा, कांद्यामुळे पुढे टिकत नाही. गॅस फक्त त्या फोडणीपुरता पेटतो, ती सकाळी लवकर करून वाटीत ठेवून द्या.