राणी पाकोळी ओळखायची तर

शेपटी शोधत बसू नका. राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, पुच्छधारी फुलपाखरांच्याच कुळातली असली तरी तिच्या पंखांना शेपटी नसते. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर फिकट निळ्याचा रुंद पट्टा आणि त्यावर काळे ठिपके, एवढं दिसलं की पुरे. पंख मिटून बसली तर मुळाशी लाल डाग दिसतात. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर, त्यामुळे लांबूनही चुकत नाही.

फोटोचं म्हणाल, तर उडत्या फुलपाखरामागे धावणं व्यर्थ. नर ओल्या मातीवर क्षार शोषायला बसतात, तिथे सकाळी उन्हं चढल्यावर थांबा. सह्याद्रीतल्या दमट, सदाहरित जंगलांत आणि कोकणातल्या वाड्यांत ती हमखास भेटते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेबाहेर मात्र ती फारशी नाही. २०१५ पासून ती आपलं राज्य फुलपाखरू आहे.

शहरात असाल तर अंगणात पपनस किंवा लिंबू लावा. मादी त्यावर अंडी घालते. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका, बहुधा ती लहान अळीच असते. आणि त्या झाडावर कीटकनाशक अजिबात नको!