सूर-शंका : दुसरं व्हायोलिन कशाला?

प्रश्न : पणजीला क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानोची मैफल ऐकली. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या ‘कॉन्ट्रास्ट्स’ या रचनेत व्हायोलिनवाल्यानं मध्येच दुसरं व्हायोलिन उचललं आणि जरा वेळानं ठेवून दिलं. तार तुटली होती काय?
– एक तबलजी, फोंडा

उत्तर : तार शाबूत होती हो! तिसऱ्या भागाच्या सुरुवातीसाठी बार्टोकनं वेगळी जुळणी सांगितली आहे. सगळ्यांत जाड तार अर्धा स्वर वर, सगळ्यांत बारीक अर्धा स्वर खाली. मग कडेच्या तारांच्या जोड्यांत सा-पंचम जमायचा तिथं सा आणि तीव्र मध्यम एकदम घासतात. खेडेगावचा फिडलवाला वाजवतो असं वाटतं. चालू वादनात खुंट्या पिळणार कोण? म्हणून दुसरं वाद्य तयार. तुम्हीही दोन पट्ट्यांचे तबले बाळगताच की. क्लॅरिनेटवाल्याकडेही दोन वाद्यं होती, अर्ध्या स्वराच्या फरकाची. ते बहुधा नजरेतून सुटलं.

रचना १९३८ची, क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन आणि व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी यांच्यासाठी केलेली. पियानोला मात्र काम बेताचंच, हे मला खटकतं. तिघांचं खरं जमलेलं ऐकायचं तर आर्मेनियन संगीतकार खाचातुरियनचं याच तीन वाद्यांसाठीचं १९३२चं त्रिकूट ऐका. त्यातला उझबेक चालींवरचा शेवटचा भाग तुम्हाला ठेका धरायला लावेल.