भारतीयांच्या पोटातला हेलिकोबॅक्टर इतर देशांतल्या माणसांपेक्षा वेगळा असतो का?

हो, असतो. हेलिकोबॅक्टर म्हणजे जठरात राहणारा, अल्सर करू शकणारा जिवाणू. पण तुम्ही प्रश्नाखाली "आमच्या कोल्हापुरी तिखटामुळे तो होतो का?" असंही जोडलंय, आणि खरं तर त्याच ओळीसाठी मी लिहायला बसलेय.

तिखटाने हेलिकोबॅक्टर होत नाही. आमच्या घरात हे सिद्ध व्हायला बारा वर्षं लागली.

1992 साली बाबांना अल्सर निघाला. तेव्हापासून आत्ती प्रत्येक सणाला चारचौघांत म्हणायच्या, "वहिनीच्या चटणीनं आमच्या दादाचं पोट जाळलं." आई दर उन्हाळ्यात संकेश्वरी मिरचीची देठं स्वतः खुडून डंकावरून वर्षाची कांदा-लसूण चटणी करून आणायची. त्या वर्षी तिने मिरची निम्म्यावर आणली. बाबांना दूधभात आणि मुगाची आमटी. तांबडा रस्सा आमच्याकडे बंदच झाला, पांढरा तेवढा उरला. एवढं करून जळजळ तशीच. 2004 मध्ये शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा दुर्बीण घातली, तुकडा तपासला आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी निघाला. चौदा दिवस दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. नंतरच्या तपासणीत जंतू नव्हता. पुढच्याच वर्षी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना या जंतूने अल्सर होतो या शोधाचं नोबेल मिळालं. शोध 1982 चा, पर्थमधला. म्हणजे आईला पहिल्यांदा बोल लागला तेव्हा तो दहा वर्षांचा जुना होता!

आता तुमचा वेगळेपणा. हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून येतो, त्यामुळे माणूस गेला तिकडे तोही गेला. 2007 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पूर्व आफ्रिकेपासून जसजसं लांब जावं तसतशी त्याची जनुकीय विविधता घटते, अगदी माणसाच्या जनुकांसारखीच. सुमारे 58,000 वर्षांपूर्वी तो माणसांबरोबर तिथून बाहेर पडला असावा. लडाखमधले बौद्ध आणि मुस्लिम त्यांच्या स्वतःच्या जनुकांवरून नीट वेगळे ओळखू येईनात, ते पोटातल्या जिवाणूवरून ओळखू आले. आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या 5,300 वर्षांपूर्वीच्या ओट्झी नावाच्या माणसाच्या मृतदेहाच्या पोटातला जिवाणू आजच्या युरोपपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जिवाणूच्या जवळचा निघाला. जपान-कोरियाकडच्या वाणाचं (म्हणजे जिवाणूच्या तिकडच्या उपप्रकाराचं) कॅगए नावाचं प्रथिन जास्त घातक असतं, तिकडे जठराचा कर्करोगही जास्त. आपल्याकडे संसर्ग भरपूर, कर्करोग त्या मानाने कमी. त्यात वाणाचा वाटा किती आणि खाण्यापिण्याचा किती, यावर अजून वाद आहेत.

यातून मला कळलं ते एवढंच: बाबांच्या पोटातला जिवाणू आईच्या चुलीवरून आलेला नसणार. तो त्यांच्या लहानपणीच्या घरातला, ज्या घरात आत्तीही त्याच ताटात जेवल्या. वाण तपासलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण चटणीवर आळ घेताना कुणी काय तपासलं होतं?

हां, आधीच अल्सर असेल तर तिखटाने जळजळतं, ते खरं. दुखण्याच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. प्रयोगशाळेत मिरचीतलं कॅप्सेसिन या जिवाणूला रोखतं, पण म्हणून झणझणीत मिसळ खाऊन तो पोटातून जाणार नाही. तुम्हाला त्रास असेल तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून घ्या. त्यात आहे की नाही एवढंच कळतं, वाण कळत नाही, आणि गोळ्यांसाठी तो कळायची गरजही नसते. कोर्स अर्धवट सोडू नका.

आत्तीच्या धाकट्याला गेली दोन वर्षं छातीत जळजळतंय. मी दोनदा सांगितलं, चाचणी कर म्हणून. आत्ती म्हणतात, "त्याची बायको भाजीत तेल फार घालते."