२४ फुटी बोटीच्या केबिनमध्ये सामान बसवायचं तर (डबे मागवायच्या आधी हे वाच)

भावा, तुझा प्रश्न वाचला. चौघा मित्रांनी मिळून जुनी २४ फुटी शीडाची बोट घेतली, रत्नागिरीकडे खाडीत ठेवलीय, शनिवार-रविवार कोल्हापुरातनं आंबा घाट उतरून जाता, आणि जरा वारा लागून बोट कलली की कांदे, नट-बोल्टचे पाने, चार्जर, चटणीची बरणी सगळं खाली एकत्र. आणि आता ऑनलाइन कुठले प्लास्टिकचे डबे मागवू असं विचारतोयस. माझं सरळ म्हणणं, डबे आत्ता मागवूच नकोस. डब्यात भरलेलं सामान म्हणजे नीट दिसणारं सामान, पण बोट २० अंश कलली की तोच डबा सामानासकट घसरतो, आणि मग एक कांदा नाही तर सात किलोचा डबा तुझ्या पायावर येतो. आधी वस्तू हलणार नाही हे बघायचं, ती दिसते कशी हे नंतर.

जड काय आहे ते पहिलं बघ. बॅटरी, नांगराची जादा साखळी, पाण्याचे कॅन, टूलबॉक्स. हे सगळं जमेल तितकं खाली आणि बोटीच्या मधोमध. पुढच्या टोकाला मोकळी जागा दिसते म्हणून सगळे तिथं पाणी नि साखळी कोंबतात, मग बोट लाटेवर नाक आपटत चालते आणि लोक शीडाला शिव्या घालतात. पुढं हलकं ठेव, गाद्या, कपडे, शीडाच्या पिशव्या. पाण्यासाठी एक मोठी टाकी करण्यापेक्षा १० लिटरचे कॅन बरे, अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीत पाणी इकडून तिकडं हेलकावतं आणि बोट अजून कलवतं, शिवाय एक कॅन खराब झाला तर बाकीचं पाणी शाबूत राहतं.

बॅटरी नुसती फळीवर ठेवलेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेवढं कर. प्लास्टिकच्या पेटीत बसव आणि पट्टा आरपार बोल्टनं आवळ, हातानं जोरात ओढली तरी इंचभर हलता कामा नये. वर झाकण पाहिजेच, पाना टर्मिनलवर पडला की शॉर्ट. आणि टूलबॉक्स कंपासच्या जवळ नको, लोखंडानं काटा फिरतो. स्पीकर आणि मोबाईलच्या मॅग्नेटवाल्या कव्हरचंही तेच.

गॅसबद्दल तू काही लिहिलं नाहीस पण विचारतोच, ५ किलोचा सिलेंडर केबिनमध्येच आहे का? असेल तर बाहेर काढ बाबा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर घरात खिडकीतनं जरा तरी बाहेर जातो, बोटीत तो बिल्जमध्ये, म्हणजे अगदी तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो आणि एक ठिणगी पुरते. सिलेंडर बाहेर, केबिनपासून पूर्ण बंद असलेल्या पेटीत, आणि त्या पेटीच्या तळातनं गॅस बोटीबाहेर पडेल असं भोक. इंजिनच्या पेट्रोलच्या कॅनचंही तसंच, त्याची वाफपण खालीच बसते. लहान बोटीत मागच्या बाकाखालचं लॉकर बऱ्याचदा आतून केबिनला उघडं असतं, टॉर्च घालून बघ.

आता सुतारकाम. कपाटांना मॅग्नेटची कॅच असेल तर ती घरच्या किचनला ठीक, इथं आतनं चार टिन दारावर आपटले की उघडलंच. पितळी टॉवर बोल्ट नाहीतर लाकडी फिरकी लाव. बंकखालच्या (झोपायच्या बाकाखालच्या) झाकणांनापण कडी पाहिजे, बोट जास्तच आडवी झाली तर तीच झाकणं उडतात. फळ्यांना पुढनं दोन इंचाची पट्टी मार, पण कोपऱ्यात जरा फट सोड, नाहीतर चिवड्याचे कण साठून मुंग्या लागतात. प्लाय घेताना दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो, तू शिक्का बघ, आयएस ७१० (मरीन प्लाय) पाहिजे, आयएस ३०३ (घरकामाचा साधा प्लाय) नको. स्टीलच्या पट्ट्या, हुक कोल्हापुरात उद्यमनगरात पाहिजे तसे करून मिळतील, नाद नाही तिथल्या माणसांचा, फक्त ३१६ ग्रेडचंच स्टील सांग. ३०४ खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतं. आणि मॅग्नेट लावून बघतो म्हणू नकोस, त्यानं या दोघांतला फरक कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून घे.

बोटीच्या अंगाला थेट स्क्रू मारू नका. फायबरच्या अंगावर लाकडाचे ठोकळे इपॉक्सीनं चिकटवायचे आणि स्क्रू त्या ठोकळ्यात मारायचा.

कांदे-बटाटे-फळांना जाळीचं शिंकाळं सगळ्यात भारी. बंदरावर जुनी जाळी मिळते. दोन्ही टोकं बांध, बोटीच्या लांबीला समांतर, आणि झोका घेतल्यावर भिंतीला आपटणार नाही एवढी जागा सोड. चटणी-मसाल्याला घरचे स्टीलचे डबे आणू नका, दाबायचं झाकण पडल्या पडल्या उघडतं आणि कांदा-लसूण चटणी गादीत गेली की ती गादी आयुष्यभर तिखट. फिरवून बंद करायच्या आटेवाल्या झाकणाची, आत रबर असलेली प्लास्टिकची बरणी घ्या. टिनचे कागद काढून मार्करनं नाव लिहा, ओले होऊन सुटलेले कागद बिल्ज पंपात जाऊन अडकतात. पुठ्ठ्याचे खोके जेट्टीवरच सोडा, त्यातनं झुरळाची अंडी येतात.

लाइफजॅकेट, टॉर्च, फर्स्टएड, आग विझवायचा सिलेंडर यांच्यावर काहीच ठेवायचं नाही. आगीचा सिलेंडर जिन्याजवळ, स्टोव्हच्या पलीकडं नको, पेटल्यावर स्टोव्हवरनं हात घालणार का? प्रत्येक वस्तूची जागा ठरवताना मी एवढंच बघतो की अंधारात, एका हातानं (दुसरा हात धरायला लागतो) ही सापडेल का. सीकॉकपुढं (बोटीच्या अंगाला पाण्यासाठी पाडलेल्या भोकावरचा व्हॉल्व्ह) तर पिशवीसुद्धा नको, आणि प्रत्येक सीकॉकला लाकडी बूच दोरीनं बांधून ठेव.

ओल हा वेगळाच विषय आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून खाऱ्या पाण्यानं भिजलेले कपडे, दोऱ्या आत घेतल्या तर केबिन कधीच वाळत नाही. गोड्या पाण्यात खळबळून मगच आत घ्यायचं. गादीखाली लाकडी पट्ट्या, आणि सामान बोटीच्या भिंतीला चिकटवून न ठेवता जरा हवा खेळू द्यायची.

सगळं बसवलं की वारा बेताचा असेल तेव्हा बाहेर काढ आणि दोन्ही बाजूंना कलवून बघ. एका बाजूला कलल्यावर जागेवर राहिलेलं दुसऱ्या बाजूला हमखास पडतं, एकच बाजू बघून परत येऊ नका. पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हा गाद्या, कपडे, खाणं सगळं गाडीत घालून घरी, आणि लॉकर झाकणं काढून उघडे ठेवा. कुलपाचं म्हणशील तर एक चांगलं पितळी पुरे, पण आत कोणी झोपलेलं असताना बाहेरून लावायचं नाही.

बंकखालच्या लॉकरचे फोटो आणि आतली मापं टाक, फळ्या कुठं बसतील ते सांगतो.